अलाइनमेंट करूनही गाडी पुन्हा डावीकडेच ओढते? मशीनवर चढवण्याआधी हे तपासा

तक्रार ओळखीची आहे. गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढते. टायरवाल्याकडे अलाइनमेंट करून आणली, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. जोडीला कधी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, तर कधी पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली असते आणि बाहेरून बघणाऱ्याला टायर नवाकोरा वाटतो. मुंबईत गणपती ते दिवाळी या दिवसांत हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. पावसाळाभर खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पाण्याखाली न दिसणारी गटाराची झाकणं झेललेली गाडी त्या सुमारास पुण्याला किंवा कोकणात जायला बाहेर पडते, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की सगळं एकदम जाणवतं.

अलाइनमेंट हे या दुरुस्तीतलं शेवटचं काम आहे. आपण ते पहिलं करतो, आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. मशीन गाडी उभी असताना चाकांचे कोन मोजतं. लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) फाटलेला बुश (सांध्यातलं रबर) उभ्या गाडीत बऱ्याचदा आपल्या जागी नीट बसलेला असतो. तुम्ही ब्रेक दाबता किंवा चाक खड्ड्यात जातं तेव्हा तो सरकतो, त्याच्याबरोबर चाक सरकतं आणि कोन बदलतो. म्हणजे स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे आणि रस्त्यावर गाडी डावीकडे, असं होऊ शकतं, आणि त्यात मशीन खोटं बोलत नसतं. त्यामुळे हवा, टायर, ब्रेक, ढिले झालेले सांधे आणि मग अलाइनमेंट, हा क्रम सोडू नका.

आधी ठरवा: ओढते, भरकटते की नुसतं स्टिअरिंग वाकडं आहे?

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गॅरेजमध्ये तिन्हींना ‘गाडी खेचते’ असंच म्हटलं जातं.

पकड सैल केली की गाडी दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर ती ओढते आहे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल आणि तुम्हाला सतत बारीक बारीक दुरुस्ती करावी लागत असेल तर ती भरकटते आहे. भरकटण्यामागे बहुधा कुठेतरी प्ले (सांध्यातला ढिलेपणा) असतो: टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे), बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळीचा सांधा) किंवा मागच्या अ‍ॅक्सलचे बुश. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग मात्र तिरकं राहतं, हा तिसरा प्रकार. त्यात पुढच्या दोन चाकांचा टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) असमान वाटला गेलेला असतो किंवा मागचा अ‍ॅक्सल किंचित तिरका झालेला असतो. यावर काही ठिकाणी स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवून देतात. ते करू देऊ नका. त्यात एअरबॅग असते, बऱ्याच नव्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही असतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

ओढ तपासायची कुठे, हाही मुंबईत प्रश्नच आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेच्या बाजूने उतार दिलेला असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे अगदी निरोगी गाडीही डाव्या लेनमध्ये हळूहळू डावीकडे सरकते. तो दोष नव्हे. सी लिंकवर किंवा अटल सेतूवर समुद्राचा आडवा वारा असतो, तेव्हा तिथे ओढीचा निकाल लावू नका. रविवारी सकाळी लवकर बीकेसीतल्या रुंद, सपाट रस्त्यांवर किंवा ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या मधल्या लेनमध्ये, मागेपुढे कोणी नसताना, पन्नास-साठच्या वेगात बघा. हात स्टिअरिंगवरून उचलायचे नाहीत, फक्त पकड सैल करायची. मग त्याच रस्त्याने उलट दिशेला येऊनही बघा. दोन्ही दिशांना, दोन वेगळ्या लेनमध्ये गाडी त्याच बाजूला जात असेल तर दोष गाडीत आहे असं समजायला हरकत नाही.

हे करताना आणखी एक नोंद ठेवा: ओढ कायम आहे, फक्त ब्रेक दाबल्यावर आहे की फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आहे? या एका उत्तरावर अर्धं निदान उभं राहतं.

हवा आणि टायर

हवेबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि नीट तपासत फारसं कोणी नाही. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी, खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला छापलेला कमाल दाबाचा आकडा म्हणजे तुमच्या गाडीचा आकडा नव्हे. हवा टायर थंड असताना मोजायची. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून दुपारच्या उन्हात अंधेरीहून ठाण्याला आल्यावर पंपावर घेतलेलं रीडिंग फसवं असतं. पंपांच्या मशीनमध्येही फरक असतो. स्वतःचा एक साधा गेज ठेवा. तो पीएसआयभर चुकला तरी चारही चाकांना सारखाच चुकेल, आणि आपल्याला डाव्या-उजव्यातला फरक हवा आहे. पुढच्या दोन चाकांत तीन-चार पीएसआयचा फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढू शकते. एकाच चाकाची हवा सारखी उतरत असेल तर व्हॉल्व्ह, बारीक पंक्चर आणि खड्ड्यात आपटून वाकलेली रिमची कड, हे तिन्ही बघा. नायट्रोजन भरल्याने यातलं काहीही बरं होत नाही.

हवा बरोबर करूनही ओढ तशीच असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघा. ही चाचणी फुकट आहे, घरच्या जॅकने जमते, आणि तरीही सगळ्यात कमी केली जाते. रेडियल टायरच्या आतले पट्टे बनवताना किंचित एका बाजूला बसले किंवा खड्ड्यात आपटून सरकले, तर तो टायर सरळ न फिरता एका बाजूला वळायचा कल धरतो. बाहेरून काही दिसत नाही. अदलाबदल केल्यावर डावीकडची ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरमध्ये आहे, कितीही अलाइनमेंट करा, जाणार नाही. ओढ नाहीशीच झाली तर टायर तसेच राहू द्या. काहीच बदललं नाही तर दोष टायरचा नाही, पुढे चला. मात्र टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करता येत नाही. तेव्हा त्याच बाजूचा मागचा टायर पुढे आणून बघावा.

टायर हाताळतच आहात तर त्याचं वयही बघून घ्या. कडेवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कडेला फुगा दिसला तर आतले दोरे तुटलेले आहेत, तो टायर त्याच दिवशी उतरवायचा. खाचांची खोली १.६ मिमीवर आली की खाचांमधले आडवे उंचवटे पृष्ठभागाच्या बरोबरीला येतात. त्यानंतर तो टायर मुंबईच्या पावसात चालवू नये.

ब्रेकमुळे ओढ

फक्त ब्रेक दाबल्यावर गाडी ओढत असेल तर दोन शक्यता: एका बाजूचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) नीट काम करत नाही, किंवा लोअर आर्मचा बुश फाटलाय आणि ब्रेक लागला की ते चाक मागे सरकतं. दुसऱ्या शक्यतेकडे गॅरेजवाले सहज दुर्लक्ष करतात आणि पॅड बदलून देतात.

ब्रेक न दाबताही ओढत असेल तर कॅलिपर अडकून राहिला आहे का ते बघा. ब्रेकचा कमीत कमी वापर करत दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, थांबा आणि रिमजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंच्या उष्णतेची तुलना करा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल तर त्या कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या किंवा गंजल्या असण्याची शक्यता मोठी. समुद्राची खारी हवा आणि साचलेल्या पाण्यातून गेलेली चाकं, दोन्ही इथे भरपूर आहेत. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे स्वस्तातलं काम आहे.

थरथर

थरथर कुठे आणि कधी जाणवते ते सांगता आलं की मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो. ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि त्याच्या खाली-वर कमी होतं, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (चाकाभोवतीचं वजन सारखं करणं). तीच थरथर सीटमध्ये किंवा फ्लोअरमध्ये जाणवली तर बहुधा मागची चाकं. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलतं, तर पुढची डिस्क असमान झिजली आहे. वेग घेताना थरथरतं आणि पाय उचलला की शांत, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतल्या बाजूचा जॉइंट.

शहरात ऐंशीच्या वर जायला जागा आणि परवानगी दोन्ही कमीच. अटल सेतूवर कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, तिथे नियमात राहून हे तपासता येतं, पण टोल भरून तपासणी करायची की पुढच्या पुणे खेपेची वाट बघायची हे तुमचं तुम्ही ठरवा.

बॅलन्सिंग करण्याआधी चाकाची आतली बाजू धुवा. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल बसतो आणि सुकतो, आणि तेवढं वजनही चाक हलवायला पुरेसं असतं. चिखलासकट बॅलन्सिंग केलं तर तो पडल्यावर थरथर पुन्हा हजर. रिमवर चिकटवलेलं वजन निघून गेलेलं असेल तर गोंदाचा चौकोनी डाग दिसतो. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरत असताना बाजूला उभं राहून रिमची कड बघा. ती डावी-उजवी नाचत असेल तर रिम वाकलेली आहे, आणि वजनं चिकटवून वाकलेली रिम गोल होत नाही.

आणखी एक प्रकार निव्वळ मुंबईचा. गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीत उभी आणि मालक लोकलमध्ये. फार दिवस एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला खालून सपाटी येते. सकाळी निघाल्यावर पहिले काही किलोमीटर थरथर आणि टायर गरम झाले की गायब, असं असेल तर खर्च करू नका. हवा नीट ठेवा आणि गाडी अधूनमधून हलवा.

नवीन डिस्क टाकूनही काही महिन्यांत ब्रेकवर पुन्हा थरथर आली तर संशय चाकाच्या नटांवर घ्या. हवेच्या गनने नट वेडेवाकडे आवळले की डिस्क किंचित तिरकी बसते आणि फिरता फिरता एका जागी जास्त झिजते. गनने नट फक्त टेकवावेत, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने व्हावं. बहुतेक छोट्या गाड्यांत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पंक्चरवाल्याकडे टॉर्क पाना नसतो, हे गृहीत धरून घरी एक ठेवलेला बरा.

आवाजावरून शोध

आवाजासाठी मुंबईचे रस्ते म्हणजे आयती प्रयोगशाळा. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगात पुढून बारीक, सलग खट-खट-खट येत असेल तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंक रॉडवर. मुंबईच्या गाड्यांत हा भाग फार लवकर जातो, सुदैवाने तो स्वस्त आहे आणि तासाभरात बदलून होतो. मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदला. स्पीड ब्रेकरवरून उतरताना एकच जाड ‘ठक’ येत असेल तर लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग. फ्लायओव्हरच्या प्रत्येक जोडावर मागून ढब्ब असा आवाज आला तर मागचे शॉकअप किंवा त्यांचे बुश. खराब रस्त्यावर खडखड थेट हातात, स्टिअरिंगमधून जाणवत असेल तर रॅक किंवा कॉलमचा जॉइंट. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घेताना टक-टक-टक आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की रबरी बूट फाटल्याची खात्री.

कुंई-कुंई असा रबराचा आवाज पावसात बंद होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत येतो. पाऊस लागल्यावर ‘आपोआप बरी झाली’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बुश ओला झाला की गप्प बसतो, इतकंच.

वळल्यानंतर स्टिअरिंग आपणहून मधोमध परत येत नसेल आणि गाडी शेवटी ज्या बाजूला वळवली तिकडेच ओढत राहत असेल, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग जाम झालेलं असू शकतं. हा दोष अलाइनमेंटमध्ये अजिबात दिसत नाही. कोणाला तरी हळूहळू स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि उभ्या गाडीत स्प्रिंगवर बोटं टेकवून बघा. स्प्रिंग सलग न फिरता अडकून झटका देत असेल तर तेच.

चाकाच्या बेअरिंगची घूं-घूं आणि झिजलेल्या टायरचा आवाज यात फार गल्लत होते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. सिमेंट रस्त्यावरच्या आडव्या खाचांवर तर कुठलाही टायर गुणगुणतो. बेअरिंगची घूं-घूं रस्त्याने बदलत नाही, पण मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग तपासा.

जॅकवर चढवून

आधी सुरक्षितता. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या टोकाच्या चाकांना अडण लावलेली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, स्टँड नसेल तर हे गॅरेजमधल्या लिफ्टवर उभं राहून करून घ्या. मेकॅनिकला ‘मला दाखवा’ म्हणायला संकोच करू नका. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडे सस्पेन्शनचं काम देऊ नये, असं माझं मत आहे.

चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हले तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे हले तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा: ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या पलीकडचं काही. लोअर आर्म आणि चाकाची नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये पहार टेकवून हळू दाबली की बॉल जॉइंटचा प्ले दिसतो. त्याच पहारीने आर्म पुढे-मागे ढकलून मागचा बुश बघा. रबराला वरवर बारीक चिरा असणं चालतं. रबर धातूपासून सुटलेलं किंवा आरपार फाटलेलं चालत नाही.

गाडीचा कोपरा दाबून किती वेळा उसळते ते मोजण्याची जुनी पद्धत मी फारशी मानत नाही. पूर्ण मेलेला शॉकअप त्यात कळतो, अर्धमेला कळत नाही. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं आहे का आणि टायरवर ठराविक अंतराने खळगे पडलेत का, हे जास्त विश्वासाचं. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने उंचीही मोजा. एक बाजू स्पष्टपणे खाली असेल तर स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला असू शकतो. तुटलेला तुकडा खालच्या कपात अडकून बसतो आणि वरून सहज दिसत नाही.

टायरची झीज

हात फिरवा, नुसतं बघू नका. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. हात एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला तर टो चुकलेला. फक्त आतली कड गेली तर टो बाहेर फाकलेला किंवा कॅम्बर (चाकाच्या वरच्या टोकाचं आत-बाहेर झुकणं) प्रमाणाबाहेर आत झुकलेला, किंवा दोन्ही.

पुढच्या चाकांचा टो म्हणजे उभं राहिल्यावर पायांचे पंजे आत वळवावेत किंवा बाहेर फाकवावेत तसा. त्यातली चूक दिसायला क्षुल्लक असते. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला असेल तर हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवं घासलं जातं. वांद्र्याहून पुण्याला जाऊन येईपर्यंत हे अंतर हजार मीटरच्या वर जातं. आतली कड काही महिन्यांत का जाते याचं उत्तर यात आहे.

अलाइनमेंटचा कागद नीट वाचा

‘साहेब, अलाइनमेंट आऊट होतं, करून दिलं’ यावर समाधान मानू नका. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे असलेला छापील कागद मागा, आणि तो जपून ठेवा. चारही चाकांचं रीडिंग घ्यायला सांगा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागचा अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्ट होत नाही, म्हणून तो मोजतच नाहीत. पण डिव्हायडरला घासून तो तिरका झाला असेल तर पुढची चाकं कितीही सरळ केली तरी गाडी तिरकी चालेल.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या हॅचबॅकचं असंच चाललं होतं. दर थोड्या महिन्यांनी डावीकडे ओढ, दर वेळी अलाइनमेंट. काकांनी सगळे कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवले होते, म्हणून काम सोपं झालं. ते शेजारी शेजारी मांडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. दर खेपेच्या ‘आधी’च्या रकान्यात डाव्या चाकाचा टो पुन्हा त्याच दिशेने सरकलेला होता. आणि डाव्या बाजूचा कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन) उजव्यापेक्षा कमी होता, प्रत्येक कागदावर, लाल रंगात. त्याबद्दल विचारलं तर दुकानात एकच उत्तर: कॅस्टर या गाडीत अ‍ॅडजस्ट होत नाही.

उत्तर खरं होतं. पण जो कोन अ‍ॅडजस्टच होत नाही तो मुळात बदलायलाही नको! तो बदलला याचा अर्थ काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा फाटलंय. डावं चाक किंचित मागे गेलं की त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो, आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. लिफ्टवर पहार लावल्याबरोबर डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश पूर्ण सुटलेला दिसला.

तेव्हा कागदावर टो शेवटी बघा. आधी कॅस्टर आणि कॅम्बर बघा, डाव्या-उजव्यातला फरक बघा. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर कारण विचारा. वाकलेला स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा खांब), वाकलेला आर्म किंवा सरकलेली सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), यांपैकी एक निघण्याची शक्यता असते. आणि टो दर वेळी त्याच दिशेने जात असेल तर पैसे देऊन तो पुन्हा जागेवर आणण्याआधी काय सरकतंय ते शोधायला लावा. टाय रॉडचा लॉक नट नीट न आवळणं हेही त्यातलं एक कारण असतं, आणि ते फुकटात बरं होतं.

बुश बदलला तरी पुन्हा जातो

काकांच्या गाडीत तो बुश पूर्वी एकदा बदललेला होता. रबरी बुश आतून-बाहेरून पक्का धरलेला असतो आणि आर्म वर-खाली होताना रबर पिळला जातो. त्याचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळले तर ती लोंबकळती अवस्था रबरासाठी मूळ स्थिती ठरते. गाडी खाली आली की रबर कायमचा पिळलेल्या अवस्थेत, आणि वर मुंबईचे स्पीड ब्रेकर. बोल्ट आधी सैल बसवून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचं आवळणं करायचं असतं. हे काम खड्डा असलेल्या किंवा चार खांबी लिफ्टच्या गॅरेजमध्ये सोपं जातं. घाईच्या गॅरेजमध्ये ते हमखास सुटतं, म्हणून गाडी द्यायच्या आधीच सांगून ठेवा आणि त्या वेळी समोर उभं राहा. मागच्या अ‍ॅक्सलच्या बुशलाही हाच नियम.

नुसता बुश दाबून बसवायचा की पूर्ण आर्म बदलायचा? बॉल जॉइंटही जुना असेल आणि तो आर्ममध्येच बसवलेला असेल तर पूर्ण आर्म घ्या, मजुरी दोनदा जात नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला पार्ट स्वस्त मिळतात, पण सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे जुने, काढलेले भाग घेऊ नका. दार, आरसा, बंपर यांचं ठीक आहे.

सांध्यांचं काम झालं की गाडी एक-दोन दिवस नेहमीसारखी चालवा, हवा थंड टायरवर बरोबर करा आणि मग अलाइनमेंटला न्या. स्टिअरिंग अँगल सेन्सर असलेल्या गाडीत त्याचं शून्य पुन्हा सेट करावं लागतं का ते तिथेच विचारून घ्या. नवा कागद जुन्यांबरोबर ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि हजारभर किलोमीटरनंतर पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा; खरखर लागली नाही तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत मशीनवर जायचं कारण नाही.